इलुप्पैक्काडू

निगम सरांनी अरुणाच्या हातात मेणबत्ती दिली आणि ते मंचाच्या कडेपर्यंत मागे सरकले. मेणबत्ती पेटवलेली नव्हती. समईतही तेल नव्हतं, ते उद्या यायचं होतं. तरी अरुणा नीट वाकली, डावा हात उजव्या कोपराला लावला आणि मेणबत्तीचं टोक समईच्या कडेला टेकवलं. पलीकडून त्या मुलीनंही तसंच केलं.

“हाथ ज़रा पास-पास,” निगम सर म्हणाले. “फोटो में दोनों के हाथ आने चाहिए. हाँ, बस ऐसे.”

मुलगी म्हणजे डॉ. याळिनी गुणरत्नम. चाळिशीची होती, पण अंगानं बारीक, केसांची घट्ट वेणी, म्हणून अरुणाला ती मुलगीच वाटत होती. जाफन्याची. श्रीलंकेतून चार डॉक्टर वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी लखनौच्या या मोठ्या इस्पितळात आले होते, त्यांच्यातली ही एक. उद्याच्या स्वागत समारंभाला दिल्लीहून श्रीलंकेच्या उच्चायुक्तालयातले अधिकारी येणार होते, आपल्या परराष्ट्र खात्यातले दोघं येणार होते. मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘पीड़ा से मैत्री तक’ असं छापलेलं होतं.

सगळी कल्पना निगम सरांची, या प्रशिक्षणाचे ते प्रमुख. अरुणाची मुलगी जुई याच इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट होती. एकदा कँटीनमध्ये जेवताना ती सहज बोलून गेली की तिचा मामा शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेला होता आणि तिकडेच गेला. निगम सरांचा घास हातातच राहिला, असं जुई सांगायची. एका बाजूला शहिदाची बहीण, दुसऱ्या बाजूला जाफन्याची लेक, मध्ये दिवा.

अरुणानं लगेच होकार दिला होता. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती लखनौला आली, इथल्याच एका बँकेत नोकरी करून निवृत्त झाली, नवरा गेल्यावरही इथेच राहिली. इतक्या वर्षांत भावाबद्दल कुणी विचारलं आणि तिनं ‘लढाईत गेला’ म्हटलं की समोरचा माणूस हळहळून म्हणायचा, “कारगिल?” ती म्हणायची, नाही, श्रीलंका. मग समोरचा गप्प व्हायचा. काही जणांना तर तिथे आपली फौज गेली होती हेच ठाऊक नसायचं. कुठून गेली, कशाला गेली, परत कधी आली, हे सांगेपर्यंत पृथ्वीराजबद्दल बोलायचं राहूनच जायचं. हळूहळू तिनं सांगणंच सोडून दिलं. आता कुणीतरी स्वतःहून त्याचं नाव मंचावरून घ्यायला बोलावत होतं.

दिव्याचं झाल्यावर दोघींनी आपापले कागद वाचायचे होते. अरुणाचा हिंदीत होता. पहिल्याच ओळीत ‘मेरे छोटे भाई, सेकंड लेफ्टिनेंट पृथ्वीराज शितोळे’ असं होतं. ते वाचताना तिचा आवाज किंचित हलला. पुढचं सगळं तिनं स्वच्छ वाचलं.

याळिनीचा कागद इंग्रजीत होता. तिनं तीन ओळी वाचल्या, चौथीपाशी थांबली, आणि कागद हळूच स्टँडवर ठेवला.

“सर, हे वाक्य मला म्हणता येणार नाही.”

“कौन सा?”

तिनं बोट ठेवून दाखवलं. ‘आमच्या रक्षणासाठी भारतीय सैनिकांनी केलेल्या बलिदानाबद्दल जाफन्याची जनता सदैव ऋणी राहील.’

निगम सरांनी कागद उचलला, वाचला, पुन्हा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ते कोड्यात पडल्यासारखे दिसत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. उद्याच्या पाहुण्यांच्या गाड्यांचं काहीतरी होतं. जाता जाता ते म्हणाले की हे सगळं दिल्लीहून मंजूर होऊन आलंय, डॉक्टरांनी आज शांतपणे विचार करावा, सकाळी बोलू.

अरुणा जागची हलली नव्हती. “का?” तिनं इंग्रजीत विचारलं.

“मला माफ करा, आंटी,” याळिनी म्हणाली. एवढंच.

जुईची ड्यूटी पाचला संपणार होती. अरुणा बाहेर येऊन कडुनिंबाखालच्या बाकावर बसली. समोर फाटकाशी ई-रिक्षावाले पेशंटच्या नातेवाइकांना हाका मारत होते. एका बाईनं गठुडं डोक्यावर घेऊन आलमबागचं भाडं विचारलं.  त्या डॉक्टर बयेला एक ओळ जड झाली, हेच अरुणाच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं.

थोड्या वेळानं याळिनी आली. मध्ये आपली पर्स ठेवून बसली.

“तुम्ही रागावलात.”

“हो,” अरुणा म्हणाली. “माझा भाऊ तेवीस वर्षांचा होता. तुमच्याकडे तो हौसेनं नव्हता गेला. पाठवलं म्हणून गेला. जाताना आईला म्हणाला, लढायला नाही चाललो, भांडण सोडवायला चाललोय.”

“हं.”

“मग त्याच्यासाठी एक वाक्य म्हणायला काय झालं?”

 पायाशी पडलेली वाळकी निंबोळी याळिनीनं चपलेच्या टोकानं बाजूला केली. मग विचारलं, “कुठे गेला तो? गाव कुठलं?”

अरुणानं तिच्याकडे पाहिलं. गाव कुठलं हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“इलापकाड,” ती म्हणाली. “तारेत तसंच लिहिलं होतं. आम्ही नकाशात फार शोधलं. वडील पुण्याला जाऊन मोठा नकाशा घेऊन आले, तरी सापडलं नाही.”

याळिनीनं ते नाव मनाशी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. ओठ हलत होते.

“इलुप्पैक्काडू,” ती एकदम म्हणाली. “इलुप्पैक्काडू असणार. आमच्या गावापासून जवळ आहे. माझी शाळेची बस तिथून जायची.”

“काय म्हणालीस?”

“इलुप्पै. क्काडू.” तिनं तोडून सांगितलं. “काडू म्हणजे रान. इलुप्पै म्हणजे…” तिला इंग्रजी शब्द आठवेना. तिनं फोन काढला, काहीतरी शोधलं आणि पडदा अरुणासमोर धरला. लांबट पानांचं मोठं झाड होतं. फांदीच्या टोकाला फिक्या पिवळ्या, मांसल फुलांचे घोस.

“मोह,” अरुणा मराठीतच म्हणाली. मग हिंदीत, “महुआ है ये तो.”

“तुमच्याकडे आहे?”

“आहे ना. इथेही आहे. मोहाचं रान…” अरुणा थांबली. “म्हणजे दाट जंगल आहे का तिथे?”

“छे. आता जेमतेम दोन-तीन झाडं असतील, देवळाजवळ. तेव्हाही नव्हतं जंगल. नाव तेवढं राहिलंय. शेतं आहेत सगळी. लाल माती. कांदा लावतात आमच्याकडे, लहान लहान लाल कांदा. आणि तंबाखू. प्रत्येक शेतात विहीर.”

अरुणा ऐकत राहिली. अडतीस वर्षं तिनं एक जंगल पाहिलं होतं. काळोखं, ओलं, वर आभाळ न दिसणारं. त्यात पृथ्वीराज एकटा पडलेला. तार आल्यापासून ते जंगल तिच्याजवळ होतं. संसारात, बदल्यांत, बँकेच्या काउंटरवरसुद्धा मध्येच उभं राहायचं. तिथे कांद्याची शेतं असतील, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं गाव वाईच्या बाजूचं. पृथ्वीराजनं शाळेच्या सुट्ट्या कांद्याला पाणी देण्यात घालवल्या होत्या.

“विहिरी उघड्या? की कठडे असलेल्या?” तिनं विचारलं. असं का विचारलं, तिलाही कळलं नाही.

“कठडे असतात. बुटके. संध्याकाळी लोक त्यावर बसतात.”

“देऊळ कुणाचं?”

“पिळ्ळैयार. तुमचा गणपती.”

अरुणानं मान हलवली. तिनं पदराच्या टोकानं चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग तिनं विचारलं, “तुझ्या घरी काय झालं होतं?”

‘तुम्ही’वरून ‘तू’वर ती कधी आली ते इंग्रजीत कळण्यासारखं नव्हतं. पण तिच्या आवाजात ते आलं असावं, कारण याळिनीनं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

“दिवाळीचा आदला दिवस होता. आम्ही सगळे देवळात आसऱ्याला गेलो होतो. आजीचं गुडघ्याचं दुखणं होतं, ती म्हणाली मी घरातच बसते. तिला एकटं कसं ठेवायचं म्हणून मावशी थांबली. वासुकीमावशी, एकोणीस वर्षांची. तिला डॉक्टर व्हायचं होतं. घरावर तोफगोळा पडला. मी लहान होते, मला फक्त धूळ आठवते.”

“कुणाचा होता?”

“तेव्हा सगळीकडूनच येत होते. कोण सांगणार.” ती थांबली. “आई म्हणते, तुमचा.”

फाटकातून एक अँब्युलन्स आत आली आणि ओरडत इमारतीमागे गेली. 

“त्या दिवाळीत आम्हाला काहीच माहीत नव्हतं,” अरुणा म्हणाली. “भाऊबीजेला भाऊ लांब असला की आमच्याकडे बहीण चंद्राला ओवाळते. आईनं मला गच्चीवर पाठवलं. मी ओवाळलं, वर चंद्राला म्हटलंही की नीट राहा रे. तार नंतर आली. तेव्हा तो आधीच गेलेला होता.”

याळिनीनं मधली पर्स उचलून मांडीवर घेतली. सरकली मात्र नाही.

“ते वाक्य मी म्हटलं तर व्हिडिओ होणार,” ती म्हणाली. “तो आईपर्यंत पोचणार. आमच्या गावात सगळ्यांकडे फोन आहेत. आणि नाही म्हटलं तर निगम सरांना वाईट वाटेल. मला अजून वर्षभर इथे शिकायचंय, आंटी. यकृताच्या शस्त्रक्रिया आमच्या उत्तरेत कुणीच करत नाही. त्यांची शिफारस लागते.”

 जुई आली तेव्हा दोघी तशाच बसलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी समारंभाआधी अरुणा निगम सरांच्या खोलीत गेली. गोमती नगरच्या घरून निघताना तिनं जुईला काहीच सांगितलं नव्हतं. सर तयार होऊन बसले होते, गळ्यात पाहुण्यांसारखीच एक निळी पट्टी. तिला पाहून ते उठले, आणि ती बोलायच्या आधीच त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

“देखिए अरुणा जी. जुई से मँगवाया था. आपके लिए सरप्राइज़ था.”

पडद्यावर पृथ्वीराज होता. अकादमीतून बाहेर पडला त्या दिवशीचा फोटो, कुणीतरी डाग काढून स्वच्छ केलेला. खाली नाव, जन्मसाल, मृत्यूसाल. सभागृहाच्या मोठ्या पडद्यावर तो दोन मिनिटं दिसणार होता, सर सांगत होते. तिचं वाचन होईपर्यंत.

 मिशा त्याला नीट फुटल्याही नव्हत्या. टोपीखाली कान थोडे बाहेर आलेले. ती पुष्कळ वेळ बघत राहिली, आणि सरांनीही घाई केली नाही.

“सर, डॉक्टर याळिनी का वो वाक्य निकाल दीजिए,” ती शेवटी म्हणाली.

निगम सर खाली बसले. त्यांनी पट्टी सारखी केली.

“मैंने कल ही फोन किया था दिल्ली. अपनी तरफ़ से. दोनों पर्चे एक साथ मंज़ूर हुए हैं. वो कहते हैं एक में काट-छाँट होगी तो पूरा आइटम हटाना पड़ेगा. किसी एक देश की बात हो और दूसरे की नहीं, ऐसा नहीं चलता.” त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. “फिर ये भी नहीं दिखेगा. नाम भी नहीं आएगा. आप सोच लीजिए. डॉक्टर को मैं समझा सकता हूँ, वो मान जाएगी.”

ती मानेल, हे अरुणाला माहीत होतं. म्हणूनच ती आली होती.

“हटा दीजिए,” ती म्हणाली.

“अरुणा जी…”

“और उनसे कहिएगा कि समय कम था. मेहमानों के भाषण लंबे हैं, कुछ भी. उनके नाम पर कोई बात नहीं आनी चाहिए.”

निगम सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.  पडदा बंद करायला त्यांनी हात पुढे केला, तेव्हा अरुणा म्हणाली, “एक मिनिट.” ते थांबले. मग तिनंच मान हलवली.

समारंभ वेळेवर सुरू झाला. दिवा पाहुण्यांनी लावला. अरुणा जुईशेजारी चौथ्या रांगेत बसली होती, मोतिया रंगाच्या इरकली साडीत. ती साडी नेसायची हे दहा दिवसांपासून ठरलेलं होतं. दोन्ही देशांच्या हजारो वर्षांच्या नात्याबद्दल एक अधिकारी बोलले, मग दुसरे बोलले. औषधांबद्दल, विमानसेवेबद्दल, मच्छीमारांबद्दल बोलणं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अरुणानंही वाजवल्या. बोलणारी माणसं वाईट नव्हती. एकानं तर ‘जे घडलं ते विसरता येत नाही’ असंही म्हटलं, आणि मग घड्याळ बघितलं.

“मम्मी, ये क्या बात हुई?” जुई तिच्या कानाशी कुजबुजली. तिचा चेहरा लाल झाला होता. “मामा का नाम आना था. मैं अभी सर से पूछती हूँ.”

“गप बस.”

“आप को बुरा नहीं लग रहा?”

“लागतंय,” अरुणा म्हणाली. “तू गप बस.”

मध्येच कुणीतरी वाकून रांगेतून आलं आणि अरुणाच्या दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर बसलं. याळिनी होती. तिच्या मुठीत तो कागद होता, घडी घालून घालून अगदी लहान झालेला.

“सर म्हणाले, वेळ कमी आहे म्हणून आपलं काढलं,” ती हलक्या आवाजात म्हणाली.

“हो. मलाही तसंच म्हणाले.”

“मी म्हणणार होते, आंटी. ते वाक्य. ठरवून आले होते.” ती समोर बघूनच बोलत होती. “त्यांच्यासाठी नाही. त्याचं नाव यावं म्हणून.”

अरुणानं समोरच्या खुर्चीची कड पकडली. मंचावर कुणीतरी शाल स्वीकारत होतं, टाळ्या वाजत होत्या.

“बरं झालं वेळ नव्हता,” ती म्हणाली.

चहाच्या वेळी निगम सर परराष्ट्र खात्यातल्या तरुण अधिकाऱ्याला घेऊन अरुणाकडे आले. अधिकारी नम्र होता, उभं राहून बोलत होता. जानेवारीत काही शहिदांच्या कुटुंबांना श्रीलंकेला नेण्याचा विचार आहे, तिथे आपल्या सैनिकांचं स्मारक आहे, पुष्पचक्र वाहायचं, दोन्ही देशांचे अधिकारी बरोबर असतील. मॅडमचं नाव घालू का?

“इलुप्पैक्काडूला जाता येईल?” अरुणानं विचारलं. नाव तिनं एका दमात, न चुकता घेतलं.

त्यानं फोनवर काहीतरी पाहिलं. “वो तो कार्यक्रम में नहीं है, मैम. सुरक्षा का भी देखना पड़ता है. स्मारक दूसरी जगह है.”

“कळवते,” अरुणा मराठीतच म्हणाली, आणि त्याच्या लक्षात येईना तेव्हा हसून म्हणाली, “बताती हूँ.”

तो गेल्यावर तिनं याळिनीला कोपऱ्यात गाठलं. हातातला कप तिनं खाली ठेवला.

“मी एकटी आले तर? साधी, विमानानं. एक दिवस तुमच्या घरी राहिले, आणि तुझ्या आईला चाललं, तर तिथून त्या गावाला जाऊन आले. तिला विचारशील?”

याळिनीनं लगेच हो म्हटलं नाही. “विचारते,” ती म्हणाली.

उत्तर यायला पुष्कळ दिवस लागले. दरम्यान याळिनी दर रविवारी अरुणाच्या घरी यायला लागली. आधी जुईनं आणली, मग आपली आपण. तिला इथल्या बाजारात बरा नारळ मिळत नव्हता. अरुणाला चारबागच्या अलीकडचा एक दुकानदार ठाऊक होता. जुई आणि ती पेशंटबद्दल बोलत बसायच्या, अरुणा आत स्वयंपाक करायची. तिकडच्या विषयावर कुणी बोलायचं नाही. एका रविवारी चपला घालता घालता याळिनी म्हणाली,

“आई नाही म्हणाली, आंटी.”

अरुणा दाराशी उभी होती.

“ती म्हणते, रस्त्यात भेटली तर पाणी देईन. घरात नको.” याळिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “मी खूप सांगून पाहिलं.”

“सांगू नकोस,” अरुणा म्हणाली. “बरोबर आहे तिचं. माझी आई असती तर तिनं तुला तरी घरात घेतलं असतं का, कोण जाणे.”

आणि मग दार लोटता लोटता, “पुढच्या रविवारी ये. येशील ना?”

याळिनी आली. त्याच्या पुढच्याही रविवारी आली. दिल्लीच्या अधिकाऱ्याचा एकदा फोन आला, तेव्हा अरुणानं अजून ठरलं नाही म्हणून सांगितलं.

दिवाळी आठवड्यावर आली. सोसायटीत शिडी लावून माळा टांगणं चाललं होतं. त्या रविवारी दुपारी अरुणा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून करंज्या लाटत होती, जुई चिरण्यानं कडा कापत होती, आणि याळिनी सारण भरायला शिकत होती. तिच्या करंज्या फुटत होत्या, म्हणून जुई हसत होती.

याळिनीचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. हात बरबटलेले, म्हणून तिनं तो कोपरानंच उचलला आणि डब्याला टेकवून उभा केला. तमिळमध्ये बोलणं सुरू झालं. पडद्यावर कुणाचा चेहरा नव्हता. तिकडे फोन आडवा ठेवलेला असावा, कारण फक्त छत दिसत होतं आणि फिरणारा पंखा. आवाज तेवढा येत होता, जाडसर, जरा दम लागलेला. अरुणानं लाटणं खाली ठेवलं. उठून आत जावं, असं तिला वाटलं.

पण याळिनी बोलता बोलता थांबली होती. तिनं काहीतरी पुन्हा विचारलं. तिकडून तेच उत्तर आलं असावं, थोडं मोठ्यानं.

“आंटी,” ती अरुणाकडे वळली. “आई विचारतेय, तुमच्या भावाचं तिथे कुणी करतं का.”

“करतो ना. सर्वपित्रीला आम्ही पान…”

“इथे नाही. तिथे. आमच्याकडे.”

अरुणाला कळलं नाही.

“दिवाळीच्या आदल्या दिवशी आई दोन पानं वाढते,” याळिनी सावकाश म्हणाली. “एक आजीचं, एक मावशीचं. ती म्हणते, तो मुलगा इथे जवळच गेला. त्याचं इथे कुणी नाही. यंदा तिसरं पान मांडते म्हणतेय.” ती थांबली. तिच्या बोटांना पीठ चिकटलं होतं, ते ती एकमेकांवर घासत होती. “विचारतेय, त्याला काय आवडायचं.”

जुईनं चिरणं खाली ठेवलं. अरुणा बसल्या जागी गुडघ्यावर हात ठेवून फोनकडे बघत होती. पंखा फिरत होता. पृथ्वीराज शूर होता, कर्तव्यदक्ष होता, हे सांगायची तिला सवय होती. तो काय खायचा, ते तिला शोधावं लागलं.

“गोड,” ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, “गोड. खीर. कसलीही खीर. भांडं चाटून पुसून ठेवायचा.”

याळिनीनं तमिळमध्ये सांगितलं.   मग तो जाडसर आवाज काहीतरी विचारता झाला, कामात असलेल्या बाईचा, सामानाची मनाशी जुळवाजुळव करणाऱ्या बाईचा आवाज.

“गूळ की साखर, विचारतेय,” याळिनी म्हणाली.

“गूळ,” अरुणा म्हणाली.